मुलाला छातीचं ऑपरेशन करायचंय, हो म्हणू का नको?

विश्रामबागची_आई

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललंय, आज घरात कोणी नाही म्हणून बसले. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलगा 19 वर्षांचा, इथंच इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुणी आहे, उलटं बोलत नाही कधी. पण साधारण नववीपासून त्याचं एक सुरू झालं, अंगातला शर्ट कुणासमोर काढायचा नाही. मे महिन्यात सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीये, त्या उन्हात हा आत दोन बनियन आणि वर शर्ट, तोही एक साइज मोठा. हरिपूरला त्याचे मावसभाऊ नदीत पोहायला उतरायचे आणि हा काठावर सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत बसायचा, मला वाटायचं पाण्याला भितो. दिवाळीत अभ्यंगस्नानाला पाटावर बसला तरी टीशर्ट अंगातच, तीन दिवाळ्या मी नुसतं डोक्याला आणि हातापायाला तेल लावतेय, मोठा झाला, लाजतो, म्हणून सोडून दिलं. आई असून माझ्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटतंय.

गेल्या महिन्यात आत्तेबहिणीच्या लग्नासाठी कुर्ता शिवायला टाकायला गेलो. टेलरनं छातीला टेप लावला आणि आकडा सांगताना काहीतरी बोलून हसला, मला नीट ऐकू पण आलं नाही. हा तसाच बाहेर पडला आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला. रात्री मला म्हणाला आई माझी छाती मुलींसारखी आहे, कॉलेजात मला काय म्हणतात ते तुला सांगू पण शकत नाही, मला ऑपरेशन करायचंय. आणि मोबाइलवर पुण्यातल्या एका क्लिनिकची जाहिरात दाखवली, 85 हजार रुपये, हप्त्याची सोय, शुक्रवारी ऑपरेशन आणि सोमवारी कॉलेज असं लिहिलेलं.

मिस्टर म्हणतात असली थेरं नट लोकांची, आपल्यात नाहीत, रोज पहाटे पळायला जा म्हणावं त्याला. सासूबाईंना अजून सांगितलेलंच नाही. मला एवढंच विचारायचंय की हे हौसेचं ऑपरेशन आहे का खरंच गरजेचं, पुढं जाऊन काही त्रास होतो का, कुणी केलंय का? पैशाचं बघता येईल, माझी भिशी लागलीय.

पलूसचा_गडी

काकू, मी केलंय. 22व्या वर्षी केलं, आता 28 चा आहे. हे मी आजपर्यंत कुठंच लिहिलेलं नाही पण तुम्ही ते चपला सांभाळायचं लिहिलंय ना, ते वाचून राहवलं नाही, कारण काठावर बसणारा तो पोरगा मीच होतो.

सहावीपासून मी तालमीत जायचो. वस्ताद लय जीव लावायचे, पोरगं अंगानं भरलं की जिल्ह्याला न्यायचं म्हणायचे. आठवीत निप्पलच्या खाली बटणासारखी कडक गाठ लागायला लागली, धक्का लागला की कळ यायची, मग दोन्हीकडं वाढत गेली. आखाड्यात लंगोटावर उतरायला लागतं, लपवणार कुठं. पोरं चिमटे काढायची, नाव पाडलं, ते नाव गावभर झालं. दहावीत गुडघा दुखतो असं घरी खोटं सांगून मी तालीम सोडली.

काकांना एक सांगा, पळून हे जात नाही, मी पळून बघितलंय. 80 किलोचा 68 किलो झालो, गालफडं बसली, आई म्हणायची काय आजार लागला का, पण छाती तशीच. कारण ती चरबी नव्हती, आत ग्रंथी वाढलेली होती. नुसती चरबी असेल तर वजन उतरल्यावर फरक पडतो, म्हणून आधी काय आहे ते डॉक्टरला हात लावून बघू द्या.

आता ऑपरेशनचं खरं खरं सांगतो. पूर्ण भूल देतात. माझं दोन तास चाललं. निप्पलभोवतीच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेला छोटा काप घेऊन गाठ काढली आणि बाजूची चरबी नळीनं ओढून घेतली. दोन्हीकडं ड्रेनच्या नळ्या आणि त्याला बाटल्या, लाल पाणी साठत राहतं त्यात. सोमवारी कॉलेज हे साफ खोटं आहे काकू. दहा दिवस मला हात वर करून भांग पाडता येत नव्हता. घट्ट जॅकेट सहा आठवडे दिवसरात्र घालायचं, माझं एप्रिलात झालेलं, आत घामोळ्यांनी अंग सोलून निघालं. आणि दुसऱ्या रात्री डावीकडं आत रक्त साठून छाती टणक झाली, रातोरात परत नेऊन उघडावं लागलं. मी घरी न सांगता गेलेलो, मित्राच्या रूमवर आहे सांगून. त्या रात्री सही करायला मित्रच होता, 21 वर्षांचं पोरगं, त्याचा हात थरथरत होता. आईला फोन गेला तो रात्री दीड वाजता.

डाव्या निप्पलला अजून स्पर्श कळत नाही, हात वर केला की तिथं जरा खळगा दिसतो. मला अजून एक वाटलेलं, ऑपरेशन झालं की कुस्ती परत येईल. ती नाही आली, मधली सात वर्षं गेली ती गेलीच, आणि ते डॉक्टरनं भरून द्यायचं काम नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. तरी परत करशील का विचाराल तर करीन, फक्त आईला घेऊन जाईन. मागच्या उन्हाळ्यात औदुंबरला घाटावर शर्ट काढून पाण्यात उतरलो, कुणी बघितलं पण नाही माझ्याकडं. तेवढंच पाहिजे होतं मला.

ओटी_सिस्टर_मिरज

ताई, मी मिरजेत ऑपरेशन थिएटरला काम करते, 19 वर्षं झाली. तुमच्या मुलाला जे आहे त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात, पोरं इंटरनेटवर गायनो म्हणतात. वयात येताना हार्मोनचं गणित थोडं इकडंतिकडं होतं आणि पुष्कळ मुलांना हे होतं, बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसतं, म्हणून 14-15 च्या पोराला डॉक्टर थांबा म्हणतात. पण नववीपासून आज 19 वर्षांपर्यंत राहिलंय म्हणजे आता आपोआप जायची आशा कमी. हौसेचं आहे का विचारलंत, मी तरी याला हौस म्हणणार नाही. आमच्याकडं आलेली असली पोरं टेबलावर झोपल्यावर पण हातानं छाती झाकून घेतात, भूल चढेपर्यंत.

तरी आधी जाहिरातवाल्याकडं जायचं नाही. आधी कारण शोधायचं. थायरॉइड, लिव्हर, किडनी, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही हार्मोन्स, या तपासण्या, गरज वाटली तर सोनोग्राफी. डॉक्टर खालची पण तपासणी करतील, अंडकोषात गाठ असली तरी छाती वाढू शकते, क्वचित असतं पण बघायलाच पाहिजे, आणि मुलं लाजून नको म्हणतात म्हणून त्याला आधी सांगून ठेवा आणि त्या वेळी तुम्ही बाहेर थांबा. आणि एक प्रश्न त्याला एकटा गाठून, न ओरडता विचारा, जिममध्ये कुणी काही दिलंय का. स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊन छाती वाढलेली पोरं आम्ही बघतो, ती ऑपरेशन करून जातात, परत तेच घेतात आणि परत येतात.

सर्जन कोण बघायचा, तर एमएस ही सर्जरीची पदवी झाल्यावर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही वरची पदवी घेतलेला. पाटीवर कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलंय म्हणून तो सर्जन असतो असं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं नोंदणी आहे का ते ऑनलाइन बघता येतं. भूलतज्ज्ञ कोण, तो शेवटपर्यंत थांबणार का, रात्री काही झालं तर आयसीयू त्याच बिल्डिंगमध्ये आहे का, हे तोंडावर विचारा, विचारण्यात कसला आलाय कमीपणा. 2022 मध्ये बंगळुरूला 21 वर्षांची एक टीव्ही अभिनेत्री चरबी काढायच्या ऑपरेशननंतर गेली, आईवडलांना सांगितलेलं पण नव्हतं तिनं. माझी मुलगी त्याच वयाची, ती बातमी वाचून मी दोन रात्री झोपले नाही. पलूसच्या दादाचं रक्त साठलं ती या ऑपरेशनातली जास्त आढळणारी गुंतागुंत आहे, वेळेत उघडलं म्हणून निभावलं, शुक्रवारी करून शनिवारी एसटीत बसला असता तर काय झालं असतं विचार करा.

पैशाचं म्हणाल तर नुसत्या दिसण्यासाठीच्या सर्जरीवर 18 टक्के जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा अपघातानंतरची असेल तर लागत नाही. तुमच्या मुलाचं कशात धरतायत ते बिलाआधीच विचारा. मेडिक्लेम पण कॉस्मेटिक म्हटलं की हात वर करतं, कंपनीकडून काय ते लेखी घ्या. आणि पुणं कशाला हो, वानलेस साहेबांनी 1894 ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक कर्नाटकातनं मिरजेला येतायत आणि आपण इथले पुण्याच्या जाहिराती बघत बसतो.

वाईचे_गुरुजी

मी 34 वर्षे शाळेत शिकवले, आता वाईत घाटाजवळ राहतो. माझे मत थोडे वेगळे आहे, रागावू नये. प्लास्टिक सर्जरी आपल्याकडे परकी नाही, सुश्रुताने नाक जोडायची रीत लिहून ठेवली आहेच. त्याहून जवळची गोष्ट पुण्याची आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याच्या एका कुंभार जातीच्या वैद्याने त्याला नवे नाक बसवले. आधी मेणाचे नाक करून कापलेल्या जागी बसवून बघितले, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, तेवढी कातडी आखून सोलली, नाकाच्या मुळाशी जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नाक घडवले. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये हे चित्रासकट छापून आले, ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने 1814 मध्ये लंडनला तसेच ऑपरेशन केले. मातीला आकार देणाऱ्या माणसाची ही विद्या सगळ्या जगाने उचलली, याचा मला फार अभिमान आहे.

पण त्याचे नाक कापलेले होते. आपल्या भाषेत नाक कापणे म्हणजे अब्रूच जाणे, ती त्याला परत मिळाली. धडधाकट शरीरावर, लोक हसतात म्हणून सुरी चालवायची, हे मात्र माझ्या मनाला पटत नाही. हसणाऱ्याला समज द्यायची सोडून आपण पोराला कापायला नेतो. वर्गात मी कुणाला असे चिडवू दिले नाही.

मोत्याची_नथ_सातारा

गुरुजी, तुमच्या वर्गात असते तर बरं झालं असतं. माझं धडधाकट नाकावरच झालंय म्हणून लिहिते.

माझं नाक नकटं होतं. घरात कुणी वाईट मनानं बोलत नव्हतं, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ही म्हण मी इतक्यांदा ऐकलीय की ती माझ्यासाठीच केलीय असं लहानपणी वाटायचं. 2018 ते 2019 चार स्थळं आली, चारही ठिकाणनं मध्यस्थाकडून निरोप, मुलगी चांगली पण नाक जरा बसकं आहे. पाचव्या ठिकाणी जमलं तरी माझ्या डोक्यात बसलेलं ते बसलेलंच, लग्नाच्या फोटोत मला नथ शोभली पाहिजे एवढंच. बाबांनी ठेव मोडली. लग्नाच्या तीन महिने आधी ऑपरेशन केलं, नाकाच्या आतल्या पडद्यातला कूर्चेचा तुकडा काढून वर बसवला, आठवडाभर नाकावर साचा. साचा निघाल्यावर नाक सुजलेलं, सर्जन म्हणाले शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. हे ऑपरेशनच्या आधी सांगितलेलं का, तर कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, माझं लक्ष सगळं तारखेवर.

लग्नाच्या दिवशी आजीची दाबाची मोत्याची नथ घालायला काढली. मावशीनं नाकाला लावून हळूच दाबली आणि माझ्या डोळ्यांतनं पाणीच आलं, मेकअप सगळा ओघळला. शेंडा आतनं दुखतोय आणि वरनं बधिर, नथ धरतच नाही, घसरून पडतेय. शेवटी काढून रुमालात बांधली. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत नथ नाही, ज्याच्यासाठी सगळं केलं तेच नाही. आता नाक छान दिसतं, लोक म्हणतात पण, मात्र उजवीकडनं श्वास कमी येतो, थंडीत रात्री तोंड उघडं टाकून झोपते. दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन सुचवलंय, आता मन होत नाही.

एक गोष्ट आधी कळली असती तर. स्थळांना पाठवलेले माझे सगळे फोटो चुलतभावानं मोबाइलवर अगदी जवळनं काढलेले. 2018 मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी मोजून दाखवलं की फूटभर अंतरावरनं काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. माझं नाक नकटं होतंच, पण लोक माझ्या नाकाला नाही, त्या फोटोला नको म्हणाले असतील का हा विचार अजून येतो.

ताई, तुमच्या मुलाचं माझ्यापेक्षा वेगळं आहे असं मला वाटतं. मला नाकाचा त्रास लोकांच्या तोंडून कळला, त्याला तो स्वतःच्या अंगावर रोज दोन बनियन घालून सोसावा लागतोय. पण तो लग्नाच्या कुर्त्यासाठी घाई करत असेल तर ती तारीख तेवढी डोक्यातनं काढा.

कराड_कोयनाकाठ

मी केसांचं केलतं, ट्रान्सप्लांट, कराडहून मुंबईला गेलतो. जाहिरातीत डॉक्टर, प्रत्यक्षात डॉक्टर दहा मिनिटं येऊन रेघ मारून गेले आणि पुढचे सात तास दोन टेक्निशियन पोरं मूळं काढत आणि लावत होती. 2022 लाच नॅशनल मेडिकल कमिशननं सांगितलेलं की हे काम शिकलेल्या डॉक्टरनंच करायचं, ते मला नंतर कळलं. मागचे केस इतके उपसलेत की डोक्याच्या मागं चट्टे दिसतात, पुढं आलेत ते विरळ. परत मागनं काढायला केसच नाहीत, एकदा वापरले की संपले.

पण लिहायचं कारण दुसरं. नंतर केस टिकायला फिनास्टेराइडची गोळी दिलेली. चार महिन्यांनी छाती दुखायला लागली, निप्पलखाली गाठ. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली आणि बसलं. काकू, मुलगा केसांसाठी काय गोळी घेतो का तेवढं विचारा, हल्ली हॉस्टेलची पोरं एकमेकांचं बघून घेतात.

विश्रामबागची_आई

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे दवाखान्यातच गेले. पलूसच्या दादाचं लिहिलेलं मिस्टरांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून मिरजेला स्वतः गाडी घेऊन आले.

जिमचं विचारलं. मागच्या वर्षी कुणीतरी दिलेल्या डब्यातली पावडर चार महिने खाल्ली म्हणाला, डब्यावर नाव-गाव काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले नववीपासून आहे म्हणजे त्या पावडरीनं झालेलं नाही, पण परत हात लावायचा नाही. केसांची गोळी वगैरे काही नाही. रिपोर्ट सगळे बरोबर आले, बाकीची तपासणी पण नीट आहे. सर्जननं बघून सांगितलं दोन्हीकडं ग्रंथी आहे, व्यायामानं जाणार नाही, पण जिवाला धोका नाही म्हणून घाई पण नाही. गाठ सगळी काढत नाहीत, निप्पलखाली थोडी ठेवतात नाहीतर खड्डा पडतो, हे चित्र काढून समजावलं. स्पर्श कमी होऊ शकतो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही, रक्त साठू शकतं, हे सगळं त्यालाच सांगितलं, आम्हाला नाही. मग आम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी वीसेक मिनिटं बोलले. काय बोलणं झालं मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तोच म्हणाला, डॉक्टर विचारत होते ऑपरेशननंतर पहिल्यांदा काय करणार, मी सांगितलं एकच बनियन घालणार.

गुरुजी, तुमचं म्हणणं मला पण पटतं, हसणाऱ्यांना समज द्यायला पाहिजे. टेलरकडं मी जाऊन आले, त्यांना सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. पण कॉलेजातल्या दोनशे पोरांकडं मी कुठं जाऊ.

लग्नाला तो जुनाच शर्ट घालून आला. ऑपरेशन सेमिस्टरची परीक्षा झाल्यावर, जानेवारीत, थंडीत, म्हणजे जॅकेटचा त्रास कमी होईल. पलूसच्या दादा, ते जॅकेट एक लागतं का दोन? हॉस्पिटलवाले एकच देतायत.

पलूसचा_गडी

दोन घ्या काकू, एक अंगात आणि एक दोरीवर. आणि पुढनं चेन असलेलंच घ्या, डोक्यातनं घालायचं असलं तर पहिले दहा दिवस तुम्हाला दोघांना मिळून चढवावं लागेल. शर्ट पण बटणाचे काढून ठेवा. तो रागावणार नसेल तर त्याला माझा नंबर देता येईल, तुम्हाला निरोपात पाठवलाय.